ओसीडीसाठी डीप टीएमएस: नुसतं हेल्मेट पुरत नाही

ओसीडी म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणं. डीप टीएमएसमध्ये हेल्मेटमधल्या चुंबकीय कॉइलने बाहेरूनच मेंदूच्या खोल भागाला स्पंदनं देतात. ब्रेन्सवे कंपनीच्या अशाच एच-७ कॉइलला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी संस्था) ऑगस्ट २०१८ मध्ये ओसीडीसाठी परवानगी दिली, तीही चालू उपचारांच्या जोडीला. म्हणजे गोळ्या सोडून हेल्मेट घालायचं, असा हा मामला नाही. भूल लागत नाही आणि उपचार करून रुग्ण आपल्या पायाने घरी जातो.

आधी पाऊल जेमतेम हलेल एवढी चुंबकाची कमीत कमी ताकद मोजतात. हाताची नव्हे, पायाचीच. कारण पायाचा भाग मेंदूच्या मधल्या रेषेजवळ खोल असतो आणि एच-७ चं लक्ष्यही तिथेच, थोडं पुढे. त्या जागेपासून कॉइल ४ सेंमी पुढे सरकवतात. मग २० हर्ट्झचे (सेकंदाला २० स्पंदनं) २ सेकंद, २० सेकंद विश्रांती, असे ५० फेरे: २,००० स्पंदनं, साधारण १८ मिनिटं. सहा आठवड्यांत २९ बैठका. टकटक मोठी असते, कानात बोळे हवेतच.

पण खरी मेख बैठकीच्या आधी आहे. रुग्णाची भीती मुद्दाम जागी करायची असते: दाराची कडी हाताळायला लावायची, ‘गॅस खरंच बंद केला होता?’ असं विचारायचं. अस्वस्थता मध्यम हवी आणि ती मनात असतानाच चुंबक सुरू व्हायला हवं. ‘काही होत नाही हो’ असा धीर दिला, भीती शमवायला रुग्णाने मनातल्या मनात मोजून घेतलं किंवा रोज तोच ठरावीक प्रश्न विचारला, की ही पायरी वाया जाते. घाईच्या केंद्रात नेमकी हीच गाळली जाते आणि आम्हाला ते अक्षम्य वाटतं.

११ केंद्रांवरच्या मुख्य चाचणीत ३८ टक्के रुग्णांचे वाय-बॉक्स गुण (ओसीडीची तीव्रता मोजणारे; जास्त गुण म्हणजे जास्त आजार) किमान ३० टक्क्यांनी उतरले. तुलनेसाठी घातलेल्या खोट्या, उपचार न करणाऱ्या हेल्मेटखाली ११ टक्के रुग्णांचे. फरक खरा आहे. मात्र ४० पैकी २८ गुण असलेला रुग्ण १९ वर आला तरी तो ‘सुधारला’ असंच धरतात आणि १९ गुणांचा आजारही दिवसाचे तास खातो. म्हणून ईआरपी थेरपी (भीतीला सामोरं जायचं, पण नेहमीची कृती करायची नाही) नीट करून पाहिलेली नसेल, तर आधी ती.

डोकेदुखी बऱ्याच जणांना होते. फिट (अपस्मारासारखा झटका) क्वचितच येते, पण जागरण आणि दारू धोका वाढवतात. क्लोमिप्रामीन हे औषधही वाढवतं, आणि ओसीडीत ते बरेचदा चालू असतं. डोस बदलला की पायाची मोजणी पुन्हा करून घ्या. कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीवर धातूची क्लिप असेल, तर हा उपचार नकोच.