डार्टमूरचा नाइट वॉक: गाइडला पाच स्टार, ऑफिसला दीड

ऑक्टोबरच्या शेवटी एक्सेटरहून आम्ही दोघं आणि बायकोच्या ऑफिसातल्या दोघी असे डार्टमूरला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या उघड्या माळरानावर, नाइट वॉकला जाऊन आलो, बाकी दोन अनोळखी आणि गाइड धरून सात जण, माणशी 25 पाउंड. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण गाइड एक नंबर होता पण ऑफिसचा कारभार निव्वळ बोंबाबोंब. मेलमध्ये हेडटॉर्च देणार म्हणून लिहिलेलं, दिले तीन, त्यातला एक मिणमिणता. वर पार्किंगचं लोकेशन चुकीचं, म्हणजे आम्ही हेटॉरच्या वरच्या पार्किंगात कुडकुडतोय आणि गाइड खालच्या पार्किंगात वाट बघतोय, फोन केला तर नुसता रेकॉर्डेड आवाज.

पण एकदा चालायला लागल्यावर राग गेला. धुकं असं की हेटॉरचा तो अवाढव्य कातळ अगदी जवळ जाईपर्यंत दिसलाच नाही. सह्याद्रीत रात्री निदान चढ-उतारावरून अंदाज येतो, इथे चहूकडे सारखंच माळरान. टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत! गाइड म्हणाला डोक्यावरचा काढा आणि हातात घेऊन गुडघ्याखाली धरा, आणि खरंच की हो, वाट दिसायला लागली.

मग जुन्या ट्रामवेवर आल्यावर त्याने सगळे टॉर्च बंद करायला लावले. 1820 ची ही लाइन, रूळ लोखंडाचे नाहीत, अख्खे ग्रॅनाइटचे, खाणीतला दगड उतारावरून खाली न्यायला आणि रिकाम्या वॅगन घोडे वर ओढायचे, 1831 च्या लंडन ब्रिजला इथलाच दगड गेलाय. त्या दगडातल्या खाचेत बुटाची कड घासत घासत आम्ही अंधारात चाललो, डोळ्यांनी काही नाही, सगळं पायाने. ट्रामवे सोडल्यावर कंपास आणि पावलं मोजणं, तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही, हे आमच्यातल्या एकीला तिसऱ्यांदा सांगावं लागलं.

मधेच टॉर्चच्या उजेडात दोन हिरवे ठिपके चमकले आणि फुर्र आवाज, माझी तर टरकलीच, निघालं पोनी.

इथले लोक म्हणतात माळावर वाट चुकली की ते पिक्सींचं, म्हणजे गोष्टींतल्या इटुकल्या खोडकर पऱ्यांचं काम, कोट उलटा करून घालायचा म्हणजे सुटका. आपल्या कोकणातला चकवाच की हा! बायकोने लगेच जॅकेट उलटं केलं आणि गाडीपर्यंत तसंच ठेवलं.

जाणार असाल तर टॉर्च स्वतःचा न्या आणि स्पोर्ट्स शूज अजिबात नकोत, त्या दोघींपैकी एकीचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि पुढचा तासभर पचक पचक आवाज ऐकत चाललो. परतताना गाडी हळू हाणा, माळावरच्या रस्त्यांना 40 मैलांची लिमिट उगाच नाहीये, आम्हाला दोन वळणांवर मेंढ्या ऐन रस्त्यात बसलेल्या भेटल्या आणि हॉर्नला दाद देईनात.