लाल टोपीवालीची सगळी व्हर्जन्स: पोरांना वाचून दाखवल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने शनिवारी संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांना लाल टोपीवालीच्या गोष्टीची वेगवेगळी व्हर्जन्स वाचून दाखवतेय, मागे एखाददोन आया आणि आजोबा पण बसतात, त्यामुळे कुठलं व्हर्जन कोणाला झेपतं याचा बऱ्यापैकी अंदाज आलाय.

ग्रिम बंधूंचं 1812 चं सगळ्यांना माहीत असतंच, शिकारी येतो, लांडग्याचं पोट कात्रीने कापतो, आजी-नात बाहेर. पण बरीच पुस्तकं पुढचा तुकडा गाळतात, तो शोधून वाचाच. त्यात दुसरा लांडगा छपरावर दबा धरून बसतो, आजी नातीला सॉसेज उकडलेलं पाणी दारासमोरच्या दगडी कुंडात ओतायला लावते, वासाने हा मान लांब करतो आणि घसरून थेट पाण्यात! पोरं टाळ्याच वाजवतात, इथे दोघींनी मिळूनच काम फत्ते केलेलं असतं ना.

फ्रेंच लेखक पेरोचं 1697 चं मात्र जड गेलं. लांडगा मुलीला खातो, संपलं, वर गोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून सावध राहा असा पद्यात उपदेश. मोठी माणसं म्हणाली लहान मुलांना हे कशाला, पण पोरांची तक्रार वेगळीच, चौथीतली एक म्हणाली, "तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं ना, मग तिची काय चूक?" मला हे शंभर टक्के पटलं.

सगळ्यात भारी निघाली ती फ्रान्समधल्या निएव्र भागातली तोंडी गोष्ट, साधारण 1885 ची. लाल टोपी नाही, शिकारी नाही. मुलगी अंथरुणातूनच म्हणते मला बाहेर जायचंय, लांडगोबा म्हणतो इथेच कर, ती हट्ट धरते, मग तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो आणि ही बाहेर जाऊन दोरा अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधून पळ काढते. हा भाग पोरं परत परत वाचायला लावतात, आता दोरा कुठे बांधला हे तीच ओरडून सांगतात. आधी आजीचं मांस खाण्याचा प्रसंग आहे, तो मी छोट्यांसमोर गाळते, मोठ्यांना पूर्ण वाचते.

चीन-तैवानकडे आजीच्या वेषात वाघीण येते, रात्री काहीतरी कुडुमकुडुम चावते आणि ते निघतं धाकट्या भावंडाचं बोट. तिथेही बऱ्याच व्हर्जन्समध्ये हाच बाहेर जायचा बहाणा आणि दोरी! 2013 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी 58 व्हर्जन्स ताडून पाहिली, त्यांच्या मते ही पूर्वेकडची गोष्ट लाल टोपीवाली आणि लांडगा-करडांची गोष्ट मिसळून झालीय. आमच्यातल्या एकाला लगेच भोपळ्यातली म्हातारी आठवली, तीपण वाघाला बोलण्यातच गुंडाळते.

लांडगा शेवटी सॉरी म्हणतो अशी गुळगुळीत व्हर्जन्स पण वाचली, त्यांना कोणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. सुरुवात करणार असाल तर ग्रिम दुसऱ्या लांडग्यासकट घ्या, लगेच दोऱ्यावाली घ्या, आणि पेरो पोरं सातवी-आठवीत गेल्यावर, तेव्हा भांडायला मजा येते.