1986 ची प्रीमियर पद्मिनी: अकरा महिने वापरल्यानंतर

मिरजेच्या एका काकांकडून घेतलेली पद्मिनी माझ्याकडे येऊन अकरा महिने झाले. एवढ्यात ती साधारण 4,200 किलोमीटर चालली. घरगुती मालकाकडून जुनी गाडी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. हिच्याआधी चार पद्मिनी बघून सोडल्या. चारही चकचकीत रंगवलेल्या आणि चारही ठिकाणी एकच वाक्य: "इंजिन नवीन केलंय साहेब." पण पद्मिनीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नसते, सगळा भार पत्र्याची बॉडीच घेते. इंजिन जुन्या हाताचा मिस्त्री आजही बांधून देतो. खालून सडलेला पत्रा मात्र एकीकडे शिवावा तर दुसरीकडे उसवतो.

म्हणून मिरजेला जाताना खिशात लोहचुंबक आणि मऊ फडकं नेलं. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, स्टेपनी काढून डिकीचा तळ, सगळीकडे फडक्यातून चुंबक फिरवला. तो धरत नाही तिथे आत पुट्टी. काकांच्या गाडीत मागच्या डाव्या कमानीवर तळहाताएवढी पुट्टी निघाली. मॅट उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली वरवरचा गंज दिसला, पण स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहिलं तर पत्रा कडक. रंग फिका पडलेला, जागोजागी ओरखडे. तो रंग बघूनच माझा विश्वास बसला.

आदल्या रात्री फोन केला होता, "काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका."

"रोज सकाळी पूजेआधी दोन मिनिटं चालू करतो रे मी. पण उद्या राहू दे."

बॉनेटला हात लावला तर गार. आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं, पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. ऑइलची पट्टीही स्वच्छ, दुधाळपणा नाही. हिचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. एकदा जास्त तापून वाकलं की पाणी आणि तेल एकत्र होतं. चोक ओढून दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला तेव्हा थोडा निळा धूर आला, म्हणजे व्हॉल्व्हवाटे ऑइल उतरतंय. ते चालण्यासारखं होतं.

मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं, तर खेळ होता. काकांना ब्रेक दाबायला सांगितला, तरी खेळ तसाच. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग झिजलंय, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. याच मुद्द्यावर 1,60,000 चे 1,35,000 झाले. काकांनी स्वतः हलवून पाहिलं आणि लगेच मान्य केलं.

खरा वेळ कागदांनी खाल्ला. आरसी बुक काकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर. आधी फॉर्म 31 भरून गाडी काकांच्या नावावर, मग 29 आणि 30 वर माझ्या नावावर. नंबर 1989 च्या आधीचा, जिल्ह्याच्या आकड्याशिवायचा, त्यामुळे ऑनलाइन नोंदच नव्हती. बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या कागदावरची नोंद संगणकात चढवून घ्यावी लागली. त्यात नोंदणीचं नूतनीकरण आणि जुन्या गाड्यांवरचा हरित कर. एकूण अडीच महिने. नाव बदलेपर्यंत मी पूर्ण पैसे देणार नाही, हे काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता वापराचं. शहरात लिटरला अकरा किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे पुढच्या गाडीपासून अंतर जास्तच ठेवतो. पावसात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी येत होतं, रबर पुण्यात नाना पेठेत मिळालं. एप्रिलमध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ती बंद पडली. उन्हाने पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती. इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवून वीस मिनिटं थांबलो आणि निघालो. जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा उपाय अजूनही लागू पडतो.

एक गोष्ट मात्र बघायची राहून गेली: पेट्रोलच्या रबरी नळ्या. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या आतून मऊ पडल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात बॉनेटखाली वास आला म्हणून उघडलं, तर कार्बोरेटरजवळ थेंब गळत होते. खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप. त्या दिवशी मी खरंच घाबरलो. सगळ्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) बदलला, आणि आगीचं छोटं सिलिंडर सीटखाली कायमचं ठेवलं. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे काम करून घ्या, विकणारा काहीही म्हणो.

किंगपिन अजून जुनेच आहेत, दर हजार किलोमीटरला ग्रीस मारतोय. नवा सेट आणून ठेवलाय, मिस्त्रींनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे.