टेम्पोवरचे खोबरे आणि वाया गेलेला वर्षाचा मसाला

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते आणि त्याच सुमारास तालुक्यातल्या घराघरांत वर्षाच्या काळ्या मसाल्याची घाई चाललेली असते. मिरच्यांची देठे खुडून झालेली असतात, धने निवडलेले असतात, कांडपावर नंबर लावलेला असतो आणि घ्यायचे राहिलेले असते ते खोबरे. २०२५ च्या उन्हाळ्यात खोबऱ्याचे भाव चांगलेच चढले होते. नेमक्या त्या दिवसांत गल्लीत एक टेम्पो आला आणि ‘थेट तिपटूरचा माल, मध्ये दलाल नाही’ असे सांगत किराणा दुकानापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी भावाने खोबरे विकू लागला. मी आणि जाऊबाईंनी मिळून पाच किलो वाट्या घेतल्या. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की ही फसवणूक उघडकीला येईपर्यंत गिऱ्हाइकाने पुरावा स्वतःच्या हाताने भाजून, कुटून बरणीत भरलेला असतो आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

विक्रेत्याने पुढच्या पोत्यातली एक वाटी घेऊन कडकन मोडली आणि तिचे तुकडे सगळ्यांना चाखायला दिले. ते गोड होते, यात शंका नाही. वजन मात्र मागच्या पोत्यातून झाले. त्या वाट्या आतून पांढऱ्याशुभ्र आणि बाहेरून तुकतुकीत होत्या. ‘ताई, यंदाचा माल आहे, चकाकी बघा,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खरे तर संशय घ्यायचा तो त्या चकाकीचाच. चांगल्या सुक्या खोबऱ्याची पाठ कोरडी, सुरकुतलेली आणि मंद तपकिरी असते, तर आतला भाग किंचित पिवळसर असतो. जुन्या वाट्यांवर तेलाचा हात फिरवला की पाठ चमकते आणि गंधकाची धुरी दिली की काळवंडलेला किंवा बुरशीचे डाग पडलेला आतला भाग पांढरा दिसू लागतो. वाळवताना पाऊस लागला तर बुरशी येऊ नये म्हणूनही काही ठिकाणी गंधकाची धुरी देतात, परंतु त्या धुराचा अंश खोबऱ्यात राहतो आणि दम्याच्या रुग्णाला तो बाधू शकतो.

तिपटूरचे नाव त्याने उगाच घेतले नव्हते. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातले हे गाव गोटा खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडे पक्व नारळ न फोडता कित्येक महिने माळ्यावर ठेवतात. आतले पाणी हळूहळू आटते, खोबरे करवंटीपासून सुटते आणि नारळ हलवला की आत खुळखुळते. वाटी खोबऱ्यासाठी नारळ आधी फोडून मग उन्हात किंवा भट्टीवर वाळवतात, त्यामुळे धूळ, पाऊस आणि धूर यांच्याशी त्याचा थेट संबंध येतो. या गृहस्थाच्या टेम्पोत गोटा एकही नव्हता. भावाचेही तसेच. केंद्र सरकारने २०२५ च्या हंगामासाठी गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला १२,१०० रुपये, म्हणजे किलोला १२१ रुपये, ठरवला होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर गेला होता. दलाल वगळला तरी शेतकऱ्याचा दर आणि खान्देशापर्यंतचे भाडे काही वगळता येत नाही, तेव्हा एवढे स्वस्त विकणाऱ्याचा माल एक तर जुना असतो, नाही तर ओला.

आमचा माल दोन्ही होता. वाट्या चिरायला बसलो तेव्हा शेजारच्या आजी एक तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, ‘हाई खोबरं खवट लागस वं.’ त्यांच्या तोंडाला हल्ली चव नसते असे म्हणून तो विषय तिथेच संपला. पुढे खोबरे विस्तवावर काळसर भाजले, कांदा भाजला, लवंग, दगडफूल, बाद्यान, शहाजिरे पडले आणि कांडपावरून घमघमता मसाला घरी आला. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाल्यावर मात्र बरणी उघडली की कुबट वास येऊ लागला आणि शेवभाजीचा रस्सा घशाशी कडवट लागू लागला. आधी मिरचीवर खापर फुटले, मग तेलावर, आणि शेवटी कांडपवाल्या भाऊंवर, की त्यांनी दुसऱ्याचा जुना मसाला मिसळला असेल. त्या बिचाऱ्यांनी गल्लीतल्या चार घरांची बोलणी ऐकून घेतली. रोजच्या वाटणासाठी डब्यात ठेवलेल्या वाट्या फोडल्या तेव्हा उलगडा झाला: पांढऱ्या थराखाली पिवळी रेष, पाठीलगत हिरवट बुरशी आणि नाकाला झोंबणारा उग्र वास. त्याच टेम्पोवरून खोबरे घेतलेल्या इतर घरांतही तोच प्रकार निघाला.

खोबऱ्याचे पैसे त्या मानाने थोडे होते. त्याच्यासोबत मिरची, धने, सगळे खडे मसाले, कांडपाची मजुरी आणि घरातल्या बायकांचे श्रम गेले. काहींनी तो मसाला उन्हात टाकून पुन्हा वापरायचे ठरवले होते, पण तसे करू नये. हिरवट-पिवळी बुरशी आलेल्या खोबऱ्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक आहे आणि ऊन दाखवल्याने किंवा भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. आम्ही सगळा मसाला फेकला.

जाऊबाईंनी त्याच टेम्पोवरून वड्यांसाठी खोबऱ्याचा कीस घेतला होता, तोही वेगळ्या प्रकारे खोटा निघाला. दिसायला भुरभुरीत आणि पांढरा, परंतु चवीला भुसा. नारळाचे दूध काढून घेतल्यावर उरलेला चोथा वाळवून तो कीस म्हणून खपवला जातो. चांगल्या सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असते, त्यामुळे खरा कीस बोटांत चोळला की बोटे तेलकट होतात. हा चोळून बोटे कोरडीच राहिली.

आता आम्ही खोबरे घेताना दुकानदाराने निवडून दिलेली वाटी चाखत नाही, पोत्याच्या मधोमध हात घालून आपण काढलेली वाटी मोडून पाहतो. वाळलेली वाटी कडकन तुटते, ओली चामड्यासारखी वाकते, आणि ओल्या मालात आपण पाण्याचे वजन विकत घेत असतो. तुटलेली कड नाकाशी धरावी, पाठ वर्तमानपत्रावर घासून डाग पडतो का ते पाहावे. घरी आणल्यावर उन्हात चांगले वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावे. गरम खोबरे डब्यात कोंडले की आत घाम धरतो. आमच्याकडचे मे महिन्यातले ऊन खोबऱ्याचे तेल सोडवते, म्हणून डबा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये, आणि किसून ठेवण्यापेक्षा वाट्या अखंड ठेवाव्यात.

राहिला तक्रारीचा प्रश्न. टेम्पोवाल्याने दिलेला मोबाइल नंबर बंद होता, बिल नव्हते आणि गाडीचा नंबर कोणी टिपला नव्हता, त्यामुळे आमची तक्रार उभीच राहू शकली नाही. बिल हाती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि भेसळीचा संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाता येते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, मात्र तसा आपला हेतू आहे हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. निदान एवढे तरी करावे, की कांडपाला देण्यापूर्वी त्याच मालातल्या दोन-तीन वाट्या बिलासह वेगळ्या ठेवाव्यात आणि पाऊस सुरू झाल्यावर त्या फोडून पाहाव्यात.