कोल्हापुरातला एम्बेडेड मेळावा : अडकलेला बोर्ड घेऊनच जा

शाहूपुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी ओपन सोर्स एम्बेडेडवाले, म्हणजे यंत्रांतल्या छोट्या कंट्रोलर बोर्डांवर खुल्या सॉफ्टवेअरने काम करणारे, जमतात. सकाळी १० ते दुपारी ४, प्रवेश फी नाही, चहा-नाश्त्याची वर्गणी तेवढी काढतात. नुसती भाषणं ऐकायला येणार असाल तर एवढी पायपीट करू नका, तसलं घरबसल्याही ऐकता येतं. जायचं ते मागच्या भिंतीला लावलेल्या टेबलांसाठी. तिथे मल्टिमीटर, सोल्डरिंग स्टेशन, बोर्डात कोड चढवायचे दोन एसटी-लिंक आणि तारेवरचे सिग्नल दाखवणारा २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर मांडून ठेवलेला असतो, आणि त्यांच्याशी रोज झटणारी माणसं शेजारी बसलेली असतात.

सगळ्यात जास्त गर्दी आरएस-४८५च्या, म्हणजे दोन तारांवर अनेक उपकरणं जोडायच्या पद्धतीच्या, टेबलावर. साहजिकच आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत एनर्जी मीटर, ड्राइव्ह, टेंपरेचर कंट्रोलर सगळे या तारांवर मॉडबस या ठरलेल्या भाषेतच बोलतात. तक्रारही ठरलेली : टेबलावर चालतं, शेडमध्ये नेलं की बंद. इथली पद्धत अशी की आधी कोडला हात लावायचा नाही. सगळ्यांची पॉवर काढायची आणि ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजायचे. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. ३० आले तर मॅक्स४८५ या आरएस-४८५ चिपचे स्वस्त मॉड्यूल चार जोडलेत, कारण त्या प्रत्येकावर बहुधा १२० ओहमचा रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. मधल्या मॉड्यूलवरचे काढून टाकले की निम्म्या केसेस तिथेच मिटतात. ए आणि बी ही नावंसुद्धा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने लावते, त्यामुळे तारा उलटून बघणं ही इथे दुसरी पायरी.

उरलेल्यांत बहुतेक वेळा दोष डीई पिनचा, म्हणजे चिपला पाठवायच्या स्थितीत ठेवणाऱ्या पिनचा, निघतो. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये बफर रिकामा झाल्याचा टीएक्सई फ्लॅग बघून डीई खाली ओढली, तर शेवटचा बाइट अजून तारेवर जातच असतो. ९६०० बॉडच्या वेगाला एका बाइटला १ मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तो बाइट नेमका सीआरसीचा, म्हणजे संदेशातली चूक पकडणाऱ्या आकड्याचा असतो, म्हणून समोरचा स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारं उपकरण, गप्प बसतो आणि आपण पत्ता चुकला म्हणून शोधत राहतो. पाठवणं पूर्ण झाल्यावरच उठणाऱ्या टीसी फ्लॅगची वाट बघायची. पल्सव्ह्यू या सिग्नल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीई आणि टीएक्स दोन्ही चॅनेल एकाखाली एक लावले की शेवटचा बाइट अर्ध्यात तुटलेला डोळ्यांनी दिसतो. हे एकदा बघितलं की कुणी विसरत नाही. आणि ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरला मॅक्स४८५ सरळ जोडू नका. तो ५ व्होल्टचा, ईएसपीच्या पिना ३.३च्या. मॅक्स३४८५ घ्या.

दुसरं टेबल ब्लू पिल या स्वस्त एसटीएम३२ बोर्डवाल्यांचं. एसटीएम३२एफ१०३ म्हणून घेतलेला बोर्ड पुष्कळदा क्लोन निघतो. कोड चढवणारं ओपनओसीडी अपेक्षित आयडीकोड १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ दाखवून अडून बसतं. कॉन्फिगमध्ये सीपीयूटॅपआयडी ० केला की कोड चढतो, पण टेबलावरचा सल्ला स्पष्ट आहे : शिकायला ठीक, गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये घालू नका. पीसी१३चा एलईडी पिन लो केल्यावर पेटतो, हेही दर महिन्याला कुणीतरी नव्याने शोधून काढतं.

झेफर या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची कार्यशाळा मात्र अर्धी वाया जाते, आणि दोष झेफरचा नाही. २०१६पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेला हा प्रकल्प आता इतका पसरलाय की वेस्ट या त्याच्या टूलची अपडेट कमांड दिली की काही जीबी खाली उतरतात. हॉलच्या एका वायफायवर वीस जणांनी ते एकदम सुरू केलं तर दुपारच्या जेवणापर्यंत एकाचाही एलईडी लुकलुकत नाही. घरूनच वर्कस्पेस, म्हणजे झेफरचं कामाचं फोल्डर, तयार करून न्या. वेस्टच्या अपडेटला नॅरो आणि डेप्थ १ हे पर्याय लावले तर डाउनलोड बराच आटोक्यात येतो, टूलचेनही (कंपायलर वगैरे) फक्त आर्म प्रोसेसरची घ्या. आयोजक एसएसडीवर तयार वर्कस्पेस देतात, त्यात तीन खाचखळगे आहेत. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कॉपी करून चालत नाही, आतले पाथ जुन्या मशीनचे राहतात, नवीन बनवा. बिल्ड फोल्डर आलं असेल तर उडवा, नाहीतर सीमेक हे बिल्डचं टूल जुनी डिरेक्टरी दाखवत भांडतं. आणि एक्सफॅट पेनड्राइव्हवर सुटं फोल्डर नेलं तर सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे, जातात, टार करून म्हणजे एका फाइलमध्ये बांधूनच न्या. जुन्या ट्युटोरियलमधली बोर्डांची नावंही जशीच्या तशी चालत नाहीत. ३.७ आवृत्तीपासून ईएसपी३२च्या नावापुढे चिप आणि कोअरही लिहावा लागतो.

लिनक्सवर पोर्टच दिसत नाही अशी ओरड असेल तर क्रमाने बघा : केबल नुसती चार्जिंगची आहे का, युजर पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये आहे का. उबुंटू २२.०४वर बोर्डावर सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल उपकरणांसाठीचं पॅकेज तो पोर्ट बळकावतं. ते नको असेल तर काढून टाका.

भाषणांपैकी एक ऐकण्यासारखं होतं, फाउंड्रीतल्या तापमानावरचं. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि ते वाचणारी मॅक्स६६७५ चिप घेऊन भट्टी मोजायला निघणाऱ्यांना वक्त्याने वेळीच थांबवलं. ती चिप १०२४ अंश सेल्सिअसपर्यंतच मोजते, वितळलेलं लोखंड १४००च्या आसपास. त्याला आर किंवा एस टाइप आणि मॅक्स३१८५६ लागते. वाळूचे कोर भाजायच्या ओव्हनला मॅक्स६६७५ पुरते. एवढी साधी गोष्ट स्लाइडऐवजी फळ्यावर आकडे मांडून सांगितल्यामुळे नीट कळली. बाकी दोन भाषणं डेटाशीट वाचून दाखवण्यापलीकडे गेली नाहीत.

नाराजी लायसन्सच्या बाबतीत. हा विषय शेवटच्या पंधरा मिनिटांत, सगळे बॅगा भरत असताना उरकला जातो. मशीन बनवणाऱ्या कोल्हापूर-इचलकरंजीसारख्या गावांना हे परवडत नाही. फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपांची ऑपरेटिंग सिस्टिम एमआयटी लायसन्सवर, झेफर अपाचे २.०वर, तिथे फार काळजी नाही. पण एचएमआय पॅनेलमध्ये, म्हणजे मशीन चालवायच्या स्क्रीनमध्ये, यू-बूट हा बूटलोडर आणि लिनक्स कर्नल घालून विकलं, की जीपीएल २ हे लायसन्स लागू होतं आणि त्या दोन्हींचा, तुमच्या बदलांसकट, सोर्स गिऱ्हाइकाला मिळण्याची सोय करावी लागते. लिनक्स बांधायला बिल्डरूट हे टूल वापरत असाल तर मेक लीगल-इन्फो ही कमांड पॅकेजेसची यादी, लायसन्स आणि सोर्स एका फोल्डरमध्ये गोळा करून देते. ही एक कमांड सकाळच्या पहिल्या सत्रात दाखवली तरी पुष्कळ.

पहिला पॅच, म्हणजे प्रकल्पाला आपली दुरुस्ती, पाठवायचं सत्र छोटं पण नेटकं आहे. डॉक्युमेंटेशनमधली एखादी चूक दुरुस्त करायला लावतात. गिट कमिटला -एस हा पर्याय लावून साइन्ड-ऑफ-बाय ओळ आली का, तिच्यातला ईमेल कमिटच्या लेखकाचाच आहे का, हे शेजारी बसून बघतात. झेफरमध्ये नवख्यांचे पॅच बरेचदा इथेच अडकतात.

जाताना काय घ्याल? बंद पडलेला बोर्ड, त्याचा सर्किट डायग्राम, चालणारी डेटा केबल, आणि दोष दाखवणारा छोटा कोड. अख्खा प्रोजेक्ट उघडून दाखवायला लागलात तर समोरचा माणूस दहा मिनिटांत चहाला उठतो. एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचाच न्या, हॉलमध्ये सहाच सॉकेट आहेत आणि त्यातलं एक कायम सोल्डरिंग स्टेशनने धरलेलं असतं.