२४ गेजच्या नावाने ३० गेज: डस्ट कलेक्टरच्या डक्टिंगमध्ये मला ३०,२०० रुपयांना कशी टोपी घातली

नाशिकमध्ये घरी लाकूडकाम करणाऱ्यांनो, "अंबडला आपला स्वतःचा गाळा आहे, डक्ट आपणच बनवतो" असं सांगणारा कोणी ऑनलाइन जाहिरातीतून भेटला, तर आधी हे वाचा. ॲडव्हान्स घेऊन पसार होणारे सगळ्यांना माहीत आहेत, मलाही होते. हा पसार होत नाही. हा माल देतो, आणि तिथेच माणूस गाफील राहतो.

मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. पार्किंगमधल्या शॉपसाठी ३ एचपीचा डस्ट कलेक्टर, म्हणजे मशीनवरचा भुसा डक्टमधून (पाइपातून) ओढून घेणारं यंत्र, घेऊन बसलो होतो. ४ इंची पाइपातून जेमतेम ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते, ६ इंचीतून ८०० पर्यंत, म्हणून मेन लाइन ६ इंचीच हवी. फाट्यांना काटकोनी टी नको, तिरका वाय हवा. फ्लेक्झिबल होज फक्त मशीनजवळ, कारण त्यातल्या वळ्या हवा अडवतात. हे सगळं पाठ होतं. मी स्वतः त्याला ड्रॉइंग दिलं. त्याने ते पाहून "साहेब, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त कळतं" म्हटलं. कोणी असं म्हणायला लागला की खिशावर हात ठेवा.

कोटेशन असं: ६ इंची जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) स्पायरल डक्ट, २४ गेज (गेजचा आकडा वाढेल तसा पत्रा पातळ), ४० फूट, ३१० रुपये फुटाने १२,४००. वाय ५ नग, ७,२५०. लाँग बेंड ४ नग, ४,४००. ब्लास्ट गेट (फाट्याची हवा बंद करायची झडप) ५ नग, ४,७५०. फिटिंग ६,०००. एकूण ३४,८००. सोबत सॅम्पलचा वीतभर तुकडा आणला होता. जाड, जड, ठोकल्यावर खणकन वाजणारा.

मी त्याला विचारलंही होतं की सरळ सांडपाण्याचा १६० एमएमचा एसडब्ल्यूआर पीव्हीसी पाइप का लावू नये. प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतो, आतून गुळगुळीत, हवा गळत नाही. त्यावर त्याने स्थिर विजेची ठिणगी, भुशाचा स्फोट, वर राहणारी बायकापोरं, असं काय काय ऐकवलं. पीव्हीसी पाइपाला हात लागला की स्थिर विजेचा चटका बसतो हे खरं. पण त्या एका खऱ्या गोष्टीवर त्याने मला १२,४०० चा पाइप विकला.

२०,००० ॲडव्हान्स यूपीआयने. स्कॅन केल्यावर नाव भलत्याच बाईंचं आलं. "मिसेसचं खातं आहे, करंटची लिमिट संपली." नाशकातले निम्मे व्यापारी हेच सांगतात, त्यात मला एकट्यालाच संशय का यावा?

माल आला रात्री आठनंतर, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, शेजाऱ्यांची गाडी अडलेली, हमाल हात पुढे करून उभे. प्लास्टिक फाडलं तर पाइप स्पायरल नव्हताच, गोल फिरत जाणाऱ्या जोडाऐवजी लांबीत सरळ जोड होता. विचारलं, तर म्हणे स्पायरलपेक्षा भारी, आतून रेझिस्टन्स कमी. मग मी अंगठ्याने दाबला. पत्रा आत गेला आणि टक्क करून परत आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. जाडी मोजायचा व्हर्नियर चार फुटांवर टेबलावर पडला होता! २४ गेजचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो, तो अंगठ्याने दबत नाही, हे मला माहीत होतं. पण तो म्हणाला, "गोल फिट झाला की ताकद येते साहेब," आणि मी ९,००० दिले, वर टेम्पोचे १,२००. त्या गोंधळात पत्र्याची जाडी कोण मोजत बसतो, सांगा. एसीच्या हलक्या डक्टचा पाइप होता तो. ढकलत्या हवेला चालतो, ओढत्या हवेला नाही.

चार बेंड आणि पाइप लावून तो गेला. वाय आणि गेट "सोमवारी". सोमवार आलाच नाही. शेवटी मीच मोकळ्या टोकाला प्लायचा तुकडा दाबून कलेक्टर चालू केला, तर मधला आठ फूट पाइप डोळ्यांदेखत चपटा झाला. भंगारवाल्याच्या काट्यावर ४० फूट पाइप साडेचौदा किलो भरला. २४ गेजचा असता तर २७-२८ किलोच्या खाली आला नसता. म्हणून डक्टचा भाव फुटावर कबूल करू नका, किलोवर करा, आणि वजन तुमच्यासमोर.

मग कोटेशनवरचा जीएसटी नंबर पाहिला. सुरुवात २४ ने. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा. गाळा अंबडला आणि नंबर गुजरातचा! जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर कापडाचा धंदा निघाला. पैसे देण्याआधी पाहा, फुकट आहे, मिनिटभराचं काम.

चौकीत गेलो. कोणती ते लिहीत नाही, उगाच आणखी ताप नको. साहेबांनी चपट्या पाइपाचा फोटो पाहिला आणि हसले. "माल मिळालाय ना? मग हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, सहा हजारांच्या फिटिंगचं सोडा, वाय आणि गेट आलेच नाहीत, नंबर खोटा, खातं दुसऱ्याचं, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ सांगितलं, तर "तुम्ही वकील आहात का?" मग सिंहस्थाची कामं ऐकवली. साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही कुरकुर. बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच पाठवले, आम्ही काय करणार. दुसऱ्या एका कार्यालयात तीन खिडक्या फिरवून पहिल्याच खिडकीवर आणून सोडलं. माझ्या पाइपात हवा फिरली नाही, तेवढा मी फिरलो. त्या बाईंच्या खात्यात अजून किती जणांचे पैसे जमा होतात, हे पाहायला कोणाला वेळ नाही.

तुमचे गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितकं पैसे थांबवणं अवघड. ग्राहक आयोगाला ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. वकील नसला तरी चालतं. मी तिथे तक्रार टाकली आहे. चपटा पाइप, काट्याची चिठ्ठी, सॅम्पलचा तुकडा, सगळं जपून ठेवलंय. तो तुकडा घाईत तो न्यायला विसरला.

शॉपमध्ये आता १६० एमएमचा पीव्हीसी बसवतोय. त्या माणसाची जाहिरात नव्या नावाने परत सुरू झाली आहे, पण गाळ्याचा फोटो तोच आहे: निळं अर्धवट उघडलेलं शटर, बाजूला स्पायरल डक्टची चळत. तो दिसला की प्लॉट नंबर विचारा आणि स्वतः अंबडला जाऊन बघून या.