फीडिंग थेरपीचे सात महिने: चमचा ४८० चा, क्रेट फुकटचा

काल सेंटरवरून मेसेज आला, तुमच्या पॅकेजमधले दोन सेशन लॅप्स झालेत म्हणून. लॅप्स म्हणजे बुडाले. पोरगा तापाने फणफणलेला, त्याला घेऊन अमळनेरहून जळगावला कसा जाणार होतो मी, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगितलं पण होतं, तर म्हणे चोवीस तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवायचा नियम आहे, फोन धरत नाहीत. सोळा सेशनचं पॅकेज ७,२०० चं, म्हणजे ४५० ला एक, दोनाचे ९०० गेले. म्हणून आज बसलोय लिहायला, नाहीतर चार महिन्यांपासून टाळतच होतो. सेंटरचं नाव विचारू नका, पोराला अजून तिथेच न्यायचंय.

ज्यांच्या घरी हा प्रकार आहे ते इथपर्यंत येतातच, त्यामुळे फीडिंग थेरपी म्हणजे पोराला घास घ्यायला, चावायला, गिळायला शिकवणं, यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. आमचा बत्तिसाव्या आठवड्यात झालेला, पाच आठवडे काचेच्या पेटीत, दूध नळीने. घरी आल्यावर बाटली घेतली, सहा महिन्यांनी उष्टावण झालं, तिथून गाडी पुढे सरकलीच नाही. सव्वादोन वर्षांचा होत आला तरी सगळं मिक्सरमधून काढून वर गाळणीतून गाळून. वरणात भाताचं एक शीत राहिलं तरी डोळ्यात पाणी आणि ओकारी. वजन नऊ किलो दोनशे. आणि केळं! ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे पाहुण्याला चहाच्या आधी केळं देतात, तिथलं हे पोरगं केळं लांबून बघूनच तोंड फिरवायचं.

एका डॉक्टरांनी सांगितलं लाड कमी करा, भूक लागली की खाईल. दुसरे म्हणाले मोठा झाला की सुटेल. आईचं वेगळंच, "आमना चार पोरे मोठा व्हई ग्यात, कोनले थेरपी लागनी नई." मीठ-मोहरी ओवाळून झाली, मोबाईल दाखवून झाला, आणि खरं लिहायचं तर नाक दाबून चमचा आत ढकलणं पण झालंय या घरात. मी धरलेत त्याचे हात. पुढे थेरपीत पहिले दोन महिने हे निस्तरण्यातच गेले, कारण चमचा दिसला की तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. तेवढे पैसे आम्ही आमच्याच हाताने वाढवले.

पहिल्या दिवशी सेंटरच्या थेरपिस्ट मॅडमनी काहीच केलं नाही म्हणून मी चिडलो होतो. घरचा डबा आणायला सांगितला, बायकोला नेहमीसारखं भरवायला लावलं आणि वीस मिनिटं फक्त बघत बसल्या, व्हिडिओ घेतला. मग प्रश्न. पाणी पिताना ठसका लागतो का, पिल्यावर आवाज ओला, घरघरीत होतो का, छातीत कफ वारंवार भरतो का, जेवायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का. मला वाटलं टाइमपास चाललाय. नंतर कळलं की घास किंवा पाणी श्वासनलिकेकडे जात असेल तर दर वेळी ठसका लागेलच असं नाही, काही पोरांत काही आवाज न होता ते आत उतरतं आणि न्यूमोनिया परत परत होतो. तसा संशय असला तर बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढतात, तो झाल्याशिवाय शहाणा थेरपिस्ट पुढे जात नाही. आमच्याबरोबर यावलकडची एक मुलगी यायची, सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही ते), तिचं ते मुंबईला जाऊन करून आणलं होतं. आमच्याला डॉक्टरांनी तपासून गरज नाही म्हणून सांगितलं. आमची अडचण वेगळी होती, जीभ फक्त पुढे-मागे चालायची, बाजूला सरकतच नव्हती. घास दाढेकडे नेता येत नाही तर चावणार कुठून? लाडाचा काही संबंध नव्हता. हे कळलं त्या रात्री बायको रडली, कारण दोन वर्षं सगळ्यांनी तिलाच ऐकवलं होतं. आणि २०१९ साली तज्ज्ञांनी मिळून या प्रकाराची व्याख्या ठरवली, त्यात आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मन अशा चार बाजू धरल्यात, हे मी वाचलं कधी, तर चौथ्या महिन्यात.

आता चमचा. दुसऱ्या सेशनला त्यांनी एक मरून रंगाचा प्लास्टिकचा चमचा हातात दिला आणि बिलात ४८० लावले. चारशे ऐंशी! प्लास्टिक! दोनचा सेट आहे म्हणे. घरी उष्टावणाला मामाने दिलेला चांदीचा चमचा आहे, त्याने का नाही? तर तो खोलगट. खोलगट चमच्यात घास तळाशी बसतो, पोराला वरचा ओठ खाली आणून तो पुसून घेता येत नाही, मग आपणच चमचा वर उचलून वरच्या हिरडीवर खरवडतो. घास तोंडात पडतो पण ओठ काही शिकत नाही. चपटा चमचा सरळ आत न्यायचा, जिभेवर हलकं दाबायचं, ओठ मिटेपर्यंत थांबायचं आणि सरळच बाहेर काढायचा. करून बघितलं, खरंच फरक होता. पण फरक चपटेपणाचा ना, ४८० चा नाही, असं माझं गणित. मॅडमची पावती घरी ठेवली, चमच्यांचा सेट परत केला आणि ऑनलाइन ९० रुपयांत तीन मागवले. रंग पण तोच मरून.

तिसऱ्या आठवड्यात त्यातला एक त्याच्या तोंडात तुटला. त्याला चमचा करकचून चावून धरायची सवय होती आणि मॅडमनी ते सांगितलं होतं, म्हणजे सांगितलं असणार, मी किमतीवर अडकलो होतो. कट असा आवाज आला, बायकोने बोट घालून तुकडा काढला, नखाएवढा होता, कडेला धार. रक्त वगैरे काही नाही, पण तो चार दिवस कुठलाच चमचा तोंडाजवळ येऊ देईना. पाचव्या दिवशी मी मुकाट्याने ४८० देऊन तोच सेट घेऊन आलो. ९० अधिक ४८०, करा हिशोब. तरी सांगतो, ४८० जास्तच आहेत.

बरं, सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला त्याला एक रुपया लागला नाही. आमच्याकडे साडेतीन हजारांची उंच खुर्ची होती, ट्रे वाली, बेल्ट वाली. मॅडमनी फोटो बघितला आणि विचारलं, पाय कुठे टेकतात? पाय लटकत होते. म्हणाल्या तुम्ही बारच्या उंच स्टुलावर पाय लटकवत जेवून बघा, अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, या पोराचं पोट-पाठ आधीच ढिलं आहे. कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात आणि तळवे टेकलेले पाहिजेत. खुर्चीवाल्या कंपनीला फूटरेस्ट मागितला तर या मॉडेलला येत नाही, वरचं मॉडेल घ्या. शेवटी रावेरच्या साडूकडून केळी भरायचा प्लास्टिकचा क्रेट आणला, उपडा घातला, उंची कमी पडली म्हणून वर जुन्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधला. पहिल्याच दिवशी बारा चमचे. मी मोजले. आधी पाच-सहावर मान मागे टाकायचा. ज्यांच्याकडे खुर्ची आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी पोराचे पाय बघा, बाकी नंतर.

घासाचं म्हणाल तर मिक्सर एकदम बंद नाही केला, आधी गाळणी बंद, मग मिक्सर कमी फिरवायचा, मग नुसतं काट्याने ठेचायचं. लहान पोरांसाठी ठेचलेल्या घासातला कण दोन मिलिमीटरच्या वर नको, आणि काट्याच्या दोन दातांतली फट साधारण चार मिलिमीटर, म्हणजे फटीच्या निम्मं, असं मोजायचं. वरण किती पातळ ते मोजायला तर सिरिंज! दहा मिलीची, आणि ती पण कुठलीही नाही, शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर भरणारी. वरण भरायचं, खालचं बोट काढायचं, दहा सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. एक ते चार मिली उरलं तर किंचित घट्ट, चार ते आठ तर त्याच्या वरची पायरी. मी ओट्याशी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभा आणि आई दारातून बघतेय. आम्ही ज्याला घट्ट वरण म्हणत होतो ते सात सेकंदांत सगळं खाली. आई म्हणे, "वरणले बी इंजेक्शन!"

आणि एक गोष्ट आम्ही दोन वर्षं उलटी केली. त्याला घट्ट जमत नाही म्हणून रश्श्यात भाकरी चुरून द्यायचो, सोपं म्हणून. ते सगळ्यात अवघड निघालं, कारण पातळ पुढे पळतं आणि गोळा मागे राहतो, तोंडाला एकाच वेळी दोन कामं. शेवभाजीचा रस्सा आणि भाकरी हे आपल्याकडचं पहिलं जेवण, ते याच्या यादीत सगळ्यात शेवटी गेलं.

(हे इथपर्यंत सकाळी लिहून ठेवलं होतं. दुपारी मॅडमचा स्वतःचा फोन आला, तुमच्या फोनचं रिसेप्शनने मला सांगितलंच नव्हतं म्हणाल्या, एक सेशन परत जोडून देते. दुसरं का नाही विचारलं तर त्या दिवशी तुमच्यासाठी पाऊण तास रिकामी बसले होते म्हणे. यावर बोलता आलं नाही. तर ९०० चं ४५० समजा. वरचं मात्र खोडत नाही, चिडलो होतो हे खरंय.)

पोंग्यांचं राहिलं. ते पिवळे नळीसारखे, पोरं बोटात घालतात ते, पाच रुपयांचं पाकीट. थुंकीने विरघळतात, म्हणून चावायला शिकायला बरे. समोरून नाही द्यायचे, गालाच्या बाजूने दाढेवर ठेवायचे, म्हणजे जीभ तिकडे शोधायला जाते. पण खायचे नंतर. आधी नुसते ताटात, मग बोटात, मग नाकाला, मग ओठाला, मग चाटून, मग चावून थुंकायचे. थुंकायला समोर वाटी ठेवलेली. आईला हे अजिबात पटलं नाही, अन्न थुंकायला शिकवतात का कोणी, आणि त्यासाठी पैसे मोजतात! मला पण पटलं नव्हतं. पण बाहेर काढता येतं हे कळल्यावरच त्याने आत घेतलं. दिवस लागले तेवीस, एकाच पोंग्यासाठी. चोविसाव्या दिवशी कुर्र आवाज आला आणि तो स्वतःच दचकला, मग परत चावून तो आवाज काढला, मग दिवसभर तेच.

ओकारी यायची अजून. मॅडमचं म्हणणं ओकारीला घाबरू नका, तिला आवाज असतो, तोंड लाल होतं, ती मागे गेलेला घास पुढे ढकलून देते. भीती गप्प होण्याची. गळ्यात अडकलं की आवाज निघत नाही. म्हणून शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आमच्याकडे अजून बंदच आहेत आणि लग्नाच्या पंगतीत कोणी लाडाने देऊ नये म्हणून मी डोळ्यात तेल घालून बसतो.

पैशाचं सांगतो. एकूण ३८ सेशन, चमचे, सिरिंजा धरून अठरा हजारांच्या आसपास. प्रवासाला बायको एसटीने गेली की तिला अर्धं तिकीट, मी गेलो की पूर्ण, म्हणून जास्त तीच गेली, हे लिहिताना बरं वाटत नाही. आणि जे कोणी सांगितलं नाही ते हे, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाचं सरकारी काम २०१३ पासून चालू आहे, सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झालेली, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा पोरं तपासायला येतं आणि अडचण दिसली की पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची सोय आहे, फुकट. आमच्या अंगणवाडीताईंना मी कधी विचारलंच नाही, त्यांनी थेरपी सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी आपणहून सांगितलं. तुम्ही आधी तिथे विचारा. खासगीत गेलात तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर मागा, खायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टला तो लागतोच, १९९२ चा कायदा आहे. मागितल्यावर कोणी रागावलं तर उठा आणि घरी या.

सध्याची स्थिती. वजन दहा किलो नऊशे. मऊ खिचडी ठेचून, बट्टी वरणात पूर्ण भिजवून, वांग्याचं भरीत मिरची न घालता. भरताचे धागे काढावे लागतात, ते काम माझं. केळं चाटतो, गिळत नाही. कळण्याची भाकरी लांबच आहे. सेंटरला चारच्या वर स्टार देणार नाही, त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमामुळे.

आणि चमचा. गेल्या महिन्यापासून साहेबांना चमचाच नको, सगळं हाताने. मॅडम खूश, म्हणाल्या हेच तर पाहिजे होतं. ४८० च्या सेटमधला एक सेंटरच्या पिशवीत पडून असतो. दुसरा आईने घेतला, मिठाच्या बरणीत टाकलाय. म्हणे मीठ बरोबर सपाट येतं.